पंढरपूर माहीत नसलेला मुलगा

"विठ्ठलाचं देऊळ असलेलं आपल्या जिल्ह्यातलं गाव कोणतं?" सहावीच्या वर्गात सरांनी विचारलं. सोलापूरच्या पोराला हा प्रश्न म्हणजे फुकटचे मार्क. ज्याला उभं केलं तो दोन सेकंद छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माहीत नाही, सर." अख्खा वर्ग हसला.

हा मुलगा आमच्या गल्लीतला. आम्ही पूर्व भागात राहतो, दिवसभर यंत्रमागांची खटखट कानावर असते. त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची भेळ. आजीबरोबर एसटीने तो दर वर्षी पंढरपूरला जातो. संध्याकाळी मी विचारलं, "अरे, मग माहीत नाही का म्हणालास?" तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "त्या गावाचं पहिलं अक्षर निघत नाही, काका."

त्याचं स्वतःचं नावही त्याच अक्षराने सुरू होतं. त्याबद्दल याहून जास्त सांगत नाही.

मराठीत यावर एक शब्द तयार आहे: ततपप. चोर सापडला की त्याची ततपप होते, अभ्यास न केलेल्याची फळ्यासमोर ततपप होते. आपल्या भाषेने आवाज बरोबर टिपला आहे. त आणि प ही दोन्ही शाळेच्या व्याकरणातली स्पर्श व्यंजनं, म्हणजे तोंडात कुठेतरी श्वासाची वाट पूर्ण बंद करून मग सोडायची. तोतरं बोलणाऱ्याचा शब्द बहुतेकदा सुरुवातीलाच अडतो, तो असा. पण आवाज टिपताना भाषेने त्याला एक कारणही चिकटवून दिलं: भीती. तिथे ती चुकली. त्यामुळे या मुलाला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस एकच औषध देतो, "घाबरू नको, आत्मविश्वासानं बोल." मुलगा घाबरतो हे खरंच आहे. पण भीती आधी आली की अडखळणं आधी आलं?

तोतरेपणा बहुतेक मुलांत दोन ते पाच या वयात सुरू होतो. त्या वयात पोराला चारचौघांत फजिती म्हणजे काय हे धड कळतही नसतं. साधारण वीसातलं एक मूल केव्हा ना केव्हा या टप्प्यातून जातं. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं, आणि त्यात पुरुष जास्त. हा दोष घराण्यात चालत येतो. पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून डेनिस ड्रेना आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्याच्याशी निगडित जनुकंही दाखवली. २००२ साली मार्टिन सोमर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना तोतरं बोलणाऱ्यांच्या डाव्या मेंदूत, तोंड आणि घसा हलवणाऱ्या भागाखालच्या तंतूंच्या जोडणीत फरक आढळला. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही. ही तारांची आणि वेळेची गोष्ट आहे.

आता वेळेची गोष्ट. ती मला मनापासून आवडते, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

गळ्यावर, घाटीपाशी, दोन बोटं ठेवा आणि सावकाश म्हणा: ताट, थाट, दाट, धाट. (धाट म्हणजे ज्वारीचा दांडा. मंगळवेढ्याकडच्या वाचकांना सांगायला नको.) चारही शब्दांत जीभ दातांमागे एकाच जागी टेकते, हवा कोंडते, जीभ सुटते. मग चार वेगळे शब्द होतात कसे? स्वरतंतूंच्या वेळेमुळे. 'द' म्हणताना जीभ सुटायच्या आधीच स्वरतंतू थरथरायला लागलेले असतात. 'त'मध्ये ते जीभ सुटल्यावर लगेच थरथरतात. 'थ'मध्ये आधी हवेचा झोत जातो, थरथर मागून येते. 'ध'मध्ये थरथर आणि झोत एकत्र. हा सगळा फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा आहे. एवढ्या बारीक फटीत जीभ, ओठ, जबडा, घसा, छाती यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं, आणि सेकंदाला दहाबारा ध्वनी अशा वेगाने. आपण हे विठ्ठलाच्या गावाचं नाव घेताना सहज करतो. मला तर माणसं अडखळतात याच्यापेक्षा बाकीचे अडखळत नाहीत याचंच नवल वाटतं.

आमच्या गल्लीत याला उपमा शोधावी लागत नाही. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे वर जातात, बाकीचे खाली, आणि मधे क्षणभर वाट उघडते. त्या क्षणात धोटा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन पलीकडे गेला पाहिजे. वाट मिटायच्या आत तो पोचला नाही तर माग थांबतो. थांबलेल्या मागात सूत चांगलं असतं, धोटा चांगला असतो, कारागीरही चांगला असतो. चुकलेली असते ती वेळ.

मागाला वेळ देणारा एक दांडा असतो, सगळे भाग त्याच्याशी बांधलेले. बोलण्याला असा दांडा कुठे आहे? मेंदूच्या खोलात, दोन्ही बाजूंना, पेशींच्या गाठींचे काही समूह आहेत. इंग्रजीत त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. सवयीच्या हालचालींत 'हे झालं, आता पुढचं सोड' असा इशारा देण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पर आल्म या स्वीडिश संशोधकाने २००४ साली एक मांडणी केली. हालचाल सुरू करायला मेंदूकडे दोन रस्ते आहेत. एक आतला, या गाठींमधून मेंदूच्या मध्यरेषेजवळच्या भागाकडे जाणारा, ज्यात ठेका स्वतःच धरायचा असतो. दुसरा बाहेरचा. त्यात लहान मेंदू आणि कपाळाच्या बाजूचा हालचालींचा भाग काम करतो, आणि ठेका कान किंवा डोळे पुरवतात. आल्म म्हणतो, तोतरेपणात कच्चा आहे तो आतला रस्ता. या गाठींचं काम डोपामिन या रसायनावर चालतं, आणि डोपामिनला आवर घालणाऱ्या काही औषधांनी अडखळणं कमी झाल्याचं आढळलं आहे. मात्र त्या औषधांचे दुष्परिणाम जड आहेत. सगळे तज्ज्ञ या मांडणीशी सहमत नाहीत. तरी तिच्यामुळे एक कोडं छान सुटतं.

कोडं असं. आमच्या या मुलाच्या शाळेत रोज सकाळी प्रतिज्ञा होते. चाळीस पोरांच्या सुरात तो "भारत माझा देश आहे" पासून शेवटपर्यंत एकदाही अडत नाही. त्यालाच पुढे उभं करून एकट्याला म्हणायला लावलं की 'भा'वर गाडी बंद. तेच शब्द, तीच जीभ, तोच मुलगा. जीभ जड आहे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून ऐकावं. हे फक्त त्याचंच नाही. एकसुरात बोलताना तोतरेपणा जवळजवळ सगळ्यांचाच जातो, आणि त्याला चाळीस जण लागत नाहीत, सोबत एक माणूस वाचत असला तरी पुरतं. आरती म्हणताना, पाढे म्हणताना, ठोक्यावर बोलताना तेच होतं. ठेका बाहेरून मिळाला की बाहेरचा रस्ता चालू होतो.

पार्किन्सनचा आजार याच गाठींचा. त्यातले काही रुग्ण चालता चालता जागीच खिळतात, पाऊल उचलत नाही. त्यांच्यासमोर फरशीवर आडव्या रेघा ओढल्या की बरेच जण रेघ ओलांडत चालू लागतात! पायाला रेघ, तर जिभेला शेजाऱ्याचा आवाज.

उलट प्रयोग तुम्हीही केलेला आहे. मोबाईलवर बोलताना कधी कधी आपलाच आवाज जरा उशिरा कानात परत येतो. दोन वाक्यांत आपण चाचरतो, शब्द ताणतो, फोन ठेवून देतो. १९५० च्या सुमारास बर्नार्ड ली यांनी हे टेप यंत्रावर करून पाहिलं. स्वतःचा आवाज सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकवला की चांगले बोलणारेही अडखळू लागतात. गंमत पुढे आहे: तोतरं बोलणाऱ्या बऱ्याच जणांना याहून कमी उशिराने आवाज ऐकवला तर ते उलट सुरळीत बोलतात. जणू शेजारी कुणीतरी आपल्याबरोबर म्हणतंय. या तत्त्वावरची कानातली यंत्रं बाजारात आहेत. काहींना फरक पडतो, काहींचा तो काही दिवसांत ओसरतो. जाहिरातीत यातला दुसरा भाग नसतो.

इथे चाणाक्ष वाचक मला पकडेल. एकटं असताना, कुणी ऐकत नाही अशी खात्री असताना, तोतरं बोलणारी माणसंही जवळपास सुरळीत बोलतात. न्यूयॉर्कमधल्या एका संशोधनाने २०२१ साली हेच दाखवलं. मग शेवटी भीतीच की! अंशतः हो. ऐकणारा समोर आला की ओझं वाढतं, आणि कच्चा भाग ओझ्याखाली आधी दगा देतो. पण वर्गातली निम्मी पोरं सरांना घाबरतात, त्यांची गाडी 'भा'वर अडत नाही. वजन वाढल्यावर टायर फुटला म्हणून टायरमधला खिळा खोटा ठरत नाही.

आता आजीच्या औषधांकडे. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून 'जिभेचा दोरा' कापायचंही घाटत होतं, ते कसंबसं थांबवलं. जिभेखालचा पडदा खरंच आखूड असेल तर तो वेगळा प्रश्न, तोतरेपणाशी त्याचा संबंध नाही. आणि आपण फार मागासलेले असं समजू नका. १८४१ साली बर्लिनमध्ये डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने तोतरेपणासाठी रुग्णांच्या जिभेचा तुकडाच कापून काढायला सुरुवात केली होती, भूल द्यायचं औषध रुळायच्या आधी. नक्कल केली की तोतरेपणा लागतो, हेही खोटं. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी म्हणून मूल अडखळतं, हे आमच्या भागात फार ऐकू येतं. त्यालाही भक्कम पुरावा नाही. तसं असतं तर अर्धं सोलापूर मुकं राहिलं असतं.

पण वेखंडाने पोरगं बरं झालं असं शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. अडखळायला लागलेल्या पाच लहान मुलांतली साधारण चार आपोआपच सुधारतात. त्या काळात वेखंड लावा, नवस बोला, नाहीतर 'एकवीस दिवसांत खात्रीशीर' वाला कोर्स लावा, पाचातल्या चारांचं श्रेय त्यालाच. उरलेलं पाचवं मूल आपलं नशीब म्हणून गप्प बसतं. ते कोणतं हे आधी सांगता येत नाही. म्हणून सहा महिने ते वर्षभरात अडखळणं ओसरलं नाही, किंवा घराण्यात कुणाला असेल, तर वाचोपचारतज्ज्ञाकडे जावं. वय लहान असेल तितकं बरं. सिडनीत विकसित झालेल्या लिडकम पद्धतीत आईवडीलच रोज थोडा वेळ मुलाशी ठरावीक पद्धतीने बोलतात. सहा वर्षांखालच्या मुलांत तिचा उपयोग होतो, हे २००५ सालच्या चाचणीत दिसलं.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याने स्वतःच एक उपचार शोधून काढला होता, शब्द बदलण्याचा. पाणी हवं असेल तर "तहान लागलीय." पुस्तक म्हणजे 'बुक'. पुणे म्हणजे "शनिवारवाडा आहे ना, ते." तीन भाषांचा साठा असलेल्या या पोराची शब्दसंपत्ती वर्गात सगळ्यांत मोठी असावी, आणि प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर 'उत्तरे देत नाही'. पंढरपूरला दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून माहीत नाही. स्वतःच्या नावाला तर दुसरा शब्द नसतोच. पुढे चुकण्याची भीती वाढते, भीतीने अडणं वाढतं, अडणं लपवायला गप्प बसणं. भीतीचा खरा हिशोब इथून सुरू होतो.

शहरातल्या एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंकडे त्याला नेलं. मला वाटलं, श्वासाचे व्यायाम देतील. बाईंनी सांगितलं, दुकानात जा आणि मुद्दाम अडखळून ये. हे ऐकून त्याच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ही युक्ती जुनी आहे. चार्ल्स व्हॅन रायपर हे स्वतः तोतरं बोलणारे अमेरिकी तज्ज्ञ. अडखळणं लपवण्याची धडपडच बोलणं जास्त आवळते, म्हणून ते उघड्यावर आणा आणि हलकं करा, असं ते शिकवत.

मी लांब उभा होतो. "प-प-प-पाव किलो शेंगाचटणी," मुलगा म्हणाला, ठरवलेल्यापेक्षा एक 'प' जास्त. दुकानदाराने वजन करता करता विचारलं, "तिखट का मध्यम?" बस. जगबुडी झाली नाही. पुढचे दोन महिने आमच्या गल्लीत शेंगाचटणीचा महापूर होता.

त्याचं अडखळणं गेलेलं नाही. थोडं सैल झालंय. 'प' आता दारावर डोकं आपटत नाही, दार ढकलतो.

गड्ड्याची जत्रा संपून शाळा रुळल्यावर एका सकाळी त्याने सरांना जाऊन सांगितलं, आज प्रतिज्ञा मी सांगतो. वर्गशिक्षकांनीच मला हे दुपारी फोन करून कळवलं. तो 'भा'वर अडला. बराच अडला. पहिल्या रांगेतल्या मित्राला राहवेना, तो हळूच म्हणाला, "भारत, भारत." यानं मान वळवली आणि म्हणाला, "म-माहितीय की बे, थांब."

त्या दिवशी पहिला तास चार मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि गणिताच्या बाईंनी त्याबद्दल तक्रार केली.