म्हातारपणीचा बहिरेपणा आणि मधल्या कानावरचा जुना संशय

गुडघे धरतात, बोटांचे सांधे आखडतात, मग कानातले सांधे का आखडू नयेत? उतारवयात ऐकू कमी येऊ लागलं की हा प्रश्न पडतोच. रुग्णांना पडतो, तसा तो डॉक्टरांनाही पडत आला आहे. त्यात वेडगळ काही नाही. मधल्या कानातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना खऱ्याखुऱ्या सांध्यांनी जोडलेली असतात, कूर्चा आणि आवरण सगळं असलेल्या. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. कानाच्या पडद्याचं क्षेत्रफळ तिच्या तळव्याच्या साधारण १७ पट असतं, त्यामुळे हवेतल्या ध्वनीचा दाब वाढून आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोहोचतो. ही साखळी कडक झाली तर आवाज अडणारच, असं वाटणं साहजिक आहे.

या संशयाला पहिला पुरावा फार लवकर मिळाला. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ अँतोनियो व्हाल्साल्व्हा याचा कानावरचा ग्रंथ १७०४ साली निघाला. एका बहिऱ्या माणसाच्या शवविच्छेदनात त्याला रिकीब आतल्या कानाच्या तोंडाशी असलेल्या खिडकीला चिकटून घट्ट झालेली दिसली होती. पुढे लंडनच्या जोसेफ टॉयन्बीने हजारभराहून जास्त कान चिरून पाहिले आणि त्यालाही अशा जखडलेल्या रिकिबी सापडल्या. (हा टॉयन्बी १८६६ मध्ये कानातल्या गुणगुणीवर उपाय शोधताना स्वतःवरच क्लोरोफॉर्मचा प्रयोग करत असताना गेला.) पण व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झरने १८९३ मध्ये दाखवलं की रिकीब अशी जखडते ती तिच्या भोवतालच्या हाडाच्या एका स्वतंत्र आजाराने. त्यालाच आज आपण ओटोस्क्लेरोसिस म्हणतो. हा आजार बरेचदा तरुणपणीच सुरू होतो. म्हणजे म्हातारपणाच्या नावावर मांडलेला पुरावा निघाला दुसऱ्याच रोगाचा.

वयाचा खरा ठसा वेगळ्याच वाटेने सापडला. नेदरलँड्समधल्या झ्वार्डेमाकरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गाल्टनची शिट्टी (फार उंच स्वर काढणारी, चाचणीची शिट्टी) वापरून दाखवलं, की वय वाढेल तसे सर्वांत उंच पट्टीचे स्वर आधी हरवतात. १९३४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये क्रो, गिल्ड आणि पोल्व्होग्ट यांनी जिवंतपणी घेतलेली श्रवण-चाचणी आणि मृत्यूनंतर तपासलेला कान यांची सांगड घातली. बिघाड दिसला तो कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या, सुरुवातीच्या वेढ्यात, जिथे उंच स्वर टिपले जातात, तिथल्या पेशींत आणि मज्जातंतूंत. तेव्हाच खरं तर प्रकरण मिटायला हवं होतं.

ते मिटलं नाही, याचं एक कारण शस्त्रक्रियेचं यश असावं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे सॅम्युएल रोझेन एका रुग्णाची रिकीब कितपत घट्ट आहे हे चाचपून पाहत होते. ती अचानक सुटली आणि टेबलावर जागाच असलेल्या त्या रुग्णाला लगेच ऐकू येऊ लागलं. १९५६ मध्ये जॉन शे यांनी रिकीब काढून कृत्रिम रिकीब बसवली. मधला कान दुरुस्त होतो हे डोळ्यांदेखत सिद्ध झाल्यावर वृद्धांच्या बाबतीतही तिथेच बोट ठेवलं गेलं तर नवल नाही.

आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आकडेही तसेच आले. ग्लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वृद्धांच्या ऑडिओग्रामवर (श्रवण-चाचणीच्या आलेखावर) ४,००० हर्ट्झला हवेतून ऐकू येणं आणि हाडातून (कानामागे कंपक लावून) ऐकू येणं यांत फट दिसली, वयाबरोबर वाढत जाणारी. ऑडिओग्रामवरची अशी फट म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोहोचत नाही, हा नेहमीचा अर्थ.

गंमत अशी की त्याच सुमारास, १९६१ मध्ये, व्हेंट्री, चाइकलिन आणि बॉइल यांनी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. चाचणीचा हेडफोन कानावर दाबून बसतो. वृद्धांच्या कानाची कूर्चा सैल पडलेली असते, त्या दाबाने कानाच्या नळीचं तोंड मिटतं आणि उंच पट्टीचा आवाज बाहेरच अडतो. कानामागे लावलेल्या कंपकाने तपासताना नळीवर असा दाब नसतो, म्हणून तिथे निकाल चांगला येतो. फट तयार होते, पण ती यंत्राने पाडलेली असते. नळीच्या आत बसणारे इअरफोन वापरले की ती बऱ्याच जणांत नाहीशी होते. सगळी फट एवढ्यानेच पडत होती असं नाही, पण पुराव्याचं वजन उतरलं ते उतरलंच.

मग सांध्यांचं काय? ते झिजतात, यात शंका नाही. १९७४ मध्ये एथोल्म आणि बेलाल यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिशीनंतर कूर्चा विरू लागलेली, म्हाताऱ्या कानांत चुना साठलेला, काही सांधे तर पार जुळून एकजीव झालेले. तरी आवाज पोहोचण्यात फरक पडलेला नव्हता. नेहमीच्या आवाजाला ही हाडं जवळजवळ एकसंध हलतात, सांधा वाकण्याची तशी गरजच पडत नाही. २००४ मध्ये फीनी आणि सॅनफर्ड यांनी जिवंत कानांवर मोजमाप केलं तेव्हा तर वृद्धांचा मधला कान काही पट्ट्यांत तरुणांपेक्षा कमी ताठ निघाला!

रोझेन स्वतः मात्र पुढे दुसरीकडेच वळले. तेव्हाच्या सुदानमधल्या, आवाजाच्या गोंगाटापासून दूर राहणाऱ्या माबान लोकांची श्रवणशक्ती उतारवयातही उत्तम असल्याचं त्यांनी १९६२ मध्ये मांडलं. तिथल्या वृद्धांची नेमकी वयं कशी ठरवली, यावर आक्षेप आले, ते रास्तच होते. पण चर्चा गोंगाटाकडे आणि आतल्या कानाकडे सरकली. शुकनेख्टने १९६४ मध्ये केलेले वार्धक्य-बधिरतेचे चारही प्रकार आतल्या कानातलेच होते, ‘यांत्रिक’ म्हटलेला सुद्धा. २०२० मध्ये वू आणि लिबरमन यांच्या गटाने १२० मृतांच्या कानांतल्या केसपेशी (आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी) मोजल्या आणि मुख्य दोष त्यांच्या नाशाकडेच जातो असं दाखवलं.

या सगळ्याची दुसरी बाजूही आहे. सत्तरीच्या माणसाच्या ऑडिओग्रामवर खालच्या पट्ट्यांत फट दिसली, तर ती वयाची नसते. साठलेला मळ, पडद्यामागचं पाणी, लहानपणापासून वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला पडलेलं भोक किंवा उशिरा लक्षात आलेला ओटोस्क्लेरोसिस, यांपैकी काहीतरी असतं आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. कानाचं मशीन घेण्याआधी पीटीएबरोबर (ऑडिओग्राम काढणारी श्रवण-चाचणी) टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधला कान किती हलतो याची चाचणी) करून घ्यायला सांगतात, ते यासाठीच.