बुरशीची तपासणी वेगळी, बुरशीच्या विषाची वेगळी

मिरची पुडीच्या अहवालात ‘यीस्ट अँड मोल्ड काउंट’ (यीस्ट आणि बुरशीची मोजणी) मर्यादेत दिसला की माल अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या बाबतीतही निर्धोक, असं घरगुती मसाले विकणारे पुष्कळ जण धरून चालतात. हा गैरसमज धोक्याचा आहे.

काउंटच्या चाचणीत नमुना पातळ करून अगारच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पसरतात, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५ दिवस ठेवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. तिथे दिसते ती फक्त जिवंत बुरशी. वाफेने निर्जंतुक केलेल्या पुडीत ती मेलेली असते, म्हणून आकडा छान येतो. पण ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने आधीच सोडलेलं विष त्या वाफेला दाद देत नाही. ते रसायन आहे. मसाला भाजला, मिरची पुन्हा उन्हात घातली, तरी बरंचसं तसंच उरतं. उलटही घडतं: बुरशी भरपूर, विष नाही, कारण सगळ्याच बुरशा ते तयार करत नाहीत.

विष शोधायला पूड मिथेनॉल-पाण्यात घुसळून अर्क काढतात, तो फक्त हे विष धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांच्या कॉलममधून नेतात आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. गोदामात झटपट अंदाजासाठी चाचणीची पट्टी चालते. युरोपीय संघात मिरचीसाठी मर्यादा किलोमागे अशी: बी१ या अफ्लाटॉक्सिनच्या एका प्रकारासाठी ५ मायक्रोग्रॅम, एकूण अफ्लाटॉक्सिन १०. आपल्याकडे मसाल्यांना एकूण ३०. त्यामुळे इथे चालणारा माल तिथून परत येऊ शकतो.

यंत्र कितीही चांगलं असो, खरी मेख नमुन्यात आहे, आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याशा डागी, फटकी मिरच्यांमध्ये ते एकवटलेलं असू शकतं. वरच्या पोत्याच्या तोंडची मूठभर मिरची पाठवली तर अहवाल त्या मुठीचा येतो, लॉटचा नाही. अनेक पोत्यांतून, वरून, मधून, तळातून मिरची काढा, सगळी एकत्र दळा, नीट मिसळा आणि मग त्यातला भाग द्या.

प्रयोगशाळेच्या अर्जावर ‘अफ्लाटॉक्सिन बी१ व एकूण’ असं स्पष्ट लिहा. मिरचीसाठी ऑक्राटॉक्सिन ए हेही वेगळं मागावं लागतं. ते दुसरं विष आहे, अफ्लाटॉक्सिनच्या आकड्यात येत नाही.