व्याख्येतून गळालेले गट: संहाराच्या तौलनिक अभ्यासाची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४६ रोजी वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवला, तेव्हा त्या ठरावात वांशिक व धार्मिक गटांबरोबर राजकीय गटांचाही उल्लेख होता. हा विषय सभेपुढे आणणाऱ्या तीन देशांत क्यूबा आणि पनामासोबत भारतही होता. ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या करारातून मात्र राजकीय गट वगळले गेले. याचे खापर एकट्या सोव्हिएत संघावर फोडले जाते, ते अर्धेच खरे आहे. देशांतर्गत बंड मोडताना आपल्यावरच हा आरोप येईल, अशी धास्ती इतरही अनेक सरकारांना होती आणि ज्यांनी १९४४ मध्ये ही संकल्पना मांडली, त्या राफाएल लेमकिन यांनीही करार पार पडावा म्हणून ही तडजोड मान्य केली.

पुढच्या संशोधकांना ही उणीव फार जाचली. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून मारलेल्या किमान पाच लाख लोकांना या व्याख्येत बसवणे अवघड होते. (अप्पा बळवंत चौकात हिटलरवरची पुस्तके हवी तितकी मिळतात, या हत्याकांडावर मराठीत काही मागितले, तर बहुधा हात हलवीत परतावे लागते.) समाजशास्त्रज्ञ लिओ कूपर यांनी १९८१ मध्ये या उणिवेवर टीका केली, तर राज्यशास्त्रज्ञ बार्बरा हार्फ आणि टेड गर यांनी १९८८ मध्ये राजकीय कारणाने होणाऱ्या संहारासाठी ‘पॉलिटिसाइड’ असा स्वतंत्र वर्गच केला.

हार्फ यांचे २००३ चे संशोधन मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात केवळ संहारांची यादी नाही. १९५५ ते १९९७ दरम्यान सुरू झालेल्या यादवी व राजवटी कोसळण्याच्या १२६ घटना त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ३५ घटनांची परिणती संहारात झाली. उरलेल्या घटनांत ती का झाली नाही, हे पाहिल्यामुळेच पूर्वीचा संहार, एकाधिकारशाही आणि काही गटांना बहिष्कृत मानणारी विचारसरणी या घटकांचे वजन ठरवता आले. राज्यशास्त्रज्ञ बेंजामिन व्हॅलेंटिनो यांनी २००४ मध्ये वेगळी बाजू मांडली: समाजातील द्वेषापेक्षा मूठभर नेत्यांचा हिशेब निर्णायक असतो.

न्यायालयांत मात्र १९४८ चीच व्याख्या चालते. कंबोडियात १९७५ ते १९७९ दरम्यान ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत सुमारे सतरा लाख लोक मेले, त्यांत बहुसंख्य ख्मेरच, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच वांशिक गटातले होते. तरी त्या राजवटीच्या नेत्यांवरील खटल्याच्या २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा गुन्हा चाम (तिथले मुस्लिम अल्पसंख्याक) आणि व्हिएतनामी गटांपुरताच सिद्ध धरला गेला.