जत्रेतला दहीकाला आणि महोत्सवातला दशावतार : पार्श्वभूमी

तळकोकणात फिरायला येणारी मंडळी समुद्र आणि माशांच्या जोडीला आता दशावतार हे इथलं लोकनाट्यही बघून जातात. एखाद्या महोत्सवाच्या मंचावर दोन तासांचा प्रयोग होतो आणि मंडळी खूश होऊन परततात. मात्र दहा अवतार कुठे होते, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात राहतोच. प्रयोगातून जे कापलं गेलं, त्यातच याचं उत्तर सापडतं.

आधी नावाचा गुंता. गावात जुनी माणसं याला दहीकाला म्हणतात, मालवणीत धयकालो. जत्रेच्या रात्री देवळासमोर खेळ रंगतो, पहाटे दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद होतो आणि मगच जत्रा पुरी झाली असं धरतात. म्हणजे दहीकाला हे सगळ्या विधीचं नाव आणि नाटक हा त्याचा एक भाग. नवसाचे किंवा सुपारी घेऊन केलेले प्रयोग वेगळे. तिथे हंडी नसते, देवाची पालखी नसते, त्यामुळे त्यांना नुसतं नाटक म्हणणं रास्त. जाहिरातीत मात्र दोन्हींवर ‘दशावतार’ हेच नाव छापतात.

हा खेळ कुणी आणला, यावर गावागावांत अभिमानाने वाद होतात. राजापूरजवळच्या आडिवऱ्यात तो कर्नाटकातून आला असं सांगणारे १७२८ हे साल देतात. कुडाळकडची माणसं वालावलच्या एका घराण्याला मान देतात. पण सतराव्या शतकातल्या दासबोधातच दशावतारी खेळाचा उल्लेख आहे आणि त्यातल्या सुंदर नारी म्हणजे स्त्रीवेष घेतलेले पुरुष, हेही तिथे स्पष्ट आहे. तेव्हा १७२८ हा फार तर खेळाच्या एका रूपाचा आरंभ मानता येईल, खेळाचा नाही.

खेळाचे भाग दोन. पहिला आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा पूर्वरंग, दुसरा आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. आडदशावतारात सूत्रधार, म्हणजे नाईक, पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर गणपतीला आवाहन करतो. रिद्धी-सिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा सांगतो, मग सरस्वती, ब्रह्मदेव असं एकेक पात्र येऊन जातं. त्यानंतर काळ्या वेषातला, तोंडावर काळा बुरखा घेतलेला संकासुर उड्या मारत शिरतो. त्याने वेद चोरलेले असतात. तो बोलतो शुद्ध मालवणीत. नाईक प्रमाण मराठीत विचारतो, संकासुर त्याचं बोलणं पिरगाळून परत फेकतो, गावातल्या ताज्या घडामोडींवरही बोट ठेवतो. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. वेद चोरणाऱ्या असुराचा वध ही मत्स्यावताराची कथा. दहांतला हा पहिलाच अवतार इथे दिसतो. बाकीचे दिसले तर आख्यानाच्या विषयानुसार. नाव दहांचं आणि दर्शन एकाचं, ते असं.

वादग्रस्त निर्णय आहे तो हा आडदशावतार कापण्याचा. बाहेरच्या प्रेक्षकाला संथ वाटतो म्हणून आयोजक पहिल्यांदा त्यालाच कात्री लावतात. गणपती पाच मिनिटांत उरकतो, संकासुर कित्येकदा येतच नाही. त्यांची अडचण खोटी नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस जी सवलत देता येते, ती मध्यरात्री १२पर्यंतच. २००५ मध्ये ती न्यायालयातही टिकली, पण दशावताराला तिचा उपयोग फारसा नाही, कारण जत्रेतलं नाटक उभं राहतं तेच बाराच्या पुढे. संध्याकाळी ७ला सुरू करून १०च्या आत संपवायचं तर काहीतरी वगळावं लागणारच. मात्र वगळायचा तर आख्यानातला युद्धनाच, म्हणजे लढाईचं नृत्य वगळावं, संकासुर नव्हे. या खेळाला गावाशी बांधणारं पात्र तेच आहे.

आख्यानाला लिखित संहिता नसते. कथा कोणती लावायची ते त्या दिवशी ठरतं, कोण काय करणार हे आपसांत वाटून घेतात, संवाद उभ्या उभ्या रचले जातात. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. राजा त्यावर बसला की सिंहासन, देव उभा राहिला की पर्वत. रंग ज्याचा त्याने लावायचा, आपल्याच ट्रंकेवर बसून.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. प्रवासी वाढले, तसा झगमगाट वाढला. धूर, रंगीत दिवे, अंतराळी उडणारे देव अशा करामतींची ‘ट्रिकसीन’ नाटकं आली. त्यांना गावातही गर्दी होते, हे मान्य करायला हवं. पण करामत बसवायची म्हणजे तालीम आली, ठरलेली वाक्यं आली आणि आयत्या वेळच्या संवादांची धार कमी झाली.

पारंपरिक रूप बघायचं तर तुळशीच्या लग्नानंतर यावं. हंगाम चैत्र-वैशाखापर्यंत चालतो. जत्रा तिथीवर असतात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून आरक्षण केलं की हमखास चुकतं. सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा कार्तिकी पौर्णिमेला जोडून येते; आंगणेवाडीची तारीख तर तिथीलाही बांधलेली नाही, ती देवीचा कौल घेऊन ठरते. तेव्हा गावात विचारूनच यावं. विचारताना ‘रात्री’ म्हणजे कुठली रात्र, हेही पक्कं करावं. सोमवारच्या जत्रेचं नाटक मंगळवारी पहाटे दीडला उभं राहू शकतं आणि सोमवारी नऊला आलेले पाहुणे पालखीच्या आधीच कंटाळून निघून जातात.

खाली बसायला चटई, डिसेंबर-जानेवारीत अंगावर घ्यायला चादर आणि सुटे पैसे सोबत असावेत. मध्येच आरतीचं ताट प्रेक्षकांतून फिरतं. गुळाचं खाजं बाहेरच्या दुकानांत मिळतं. पडद्यामागे रंग चालू असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि फ्लॅश तर नाहीच. जागरण झेपणारं नसेल तर आख्यानाच्या मध्यावर झोप काढावी, पण आडदशावताराला आणि हंडीला जागं असावं. हंडी फुटल्यावर राजे आणि राण्या खोबरेल तेलाने तोंडावरचा सफेदा पुसतात, ट्रंका टेम्पोत चढतात आणि पुढच्या गावाला निघतात.