पार्श्वभूमी: वायटूके आणि 'बाधित' प्रोग्रामांची यादी

एका ठिकाणी केलेल्या बदलाने सॉफ्टवेअरमध्ये आणखी काय काय हलेल, याचा पद्धतशीर विचार 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. 1981 मध्ये 'स्लायसिंग' मांडले गेले: एखाद्या व्हेरिएबलच्या मूल्यावर परिणाम करू शकणारी तेवढीच विधाने वेगळी काढायची. पण हा विचार, म्हणजे इम्पॅक्ट ॲनालिसिस, रोजच्या कामात आला तो वायटूकेमुळे: जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले, त्यामुळे 2000 साल उजाडले की '00' हे 1900 धरले जाण्याची भीती होती. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी प्रोग्रामरांनी तेव्हा दुसऱ्यांनी कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला जुना कोड ओळीओळीने वाचून काढला.

बाधित प्रोग्रामांची यादी करायला आधी 'डेट', 'डीटी', 'वायवाय' अशी नावे शोधायची. तारीख 'टेम्प' नावाच्या फील्डमध्ये मूव्ह झाली की हा शोध तिथेच थांबायचा. कॉल करायच्या प्रोग्रामचे नावच व्हेरिएबलमध्ये असेल, तर साध्या शोधाने ते सापडायचेच नाही.

खरा वाद होता दुरुस्तीच्या पद्धतीचा. वर्ष चार अंकी केले की रेकॉर्ड दोन अक्षरांनी लांबतो आणि पुढची सगळी फील्ड सरकतात. कॉपीबुक, म्हणजे रेकॉर्डच्या मांडणीचे सामायिक वर्णन, वापरणारे प्रोग्राम पुन्हा कंपाइल केले की ते नवी जागा धरतात. पण सॉर्ट कार्डावर, म्हणजे फाइल क्रमाने लावण्याच्या सूचनांत, '41 व्या स्थानापासून 6 अक्षरे' असे आकडेच लिहिलेले. ते हाताने शोधून बदलावे लागतात. म्हणून अनेकांनी विंडोइंग निवडले: 50 च्या खालचे वर्ष 2000 नंतरचे, बाकीची 1900 नंतरची. फाइल तशीच राहते, यादी आखूड होते आणि खर्चही वाचतो.

ही आखूड यादी फसवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात बदलायचे प्रोग्राम मोजले गेले, बाधित होणारे नव्हे. रेकॉर्ड लांबवताना एखादा प्रोग्राम सुटला, तर बहुधा आकड्याच्या जागी भलतेच अक्षर येऊन तो बंद पडे आणि चूक त्याच रात्री कळे. विंडोइंगमध्ये सुटलेला प्रोग्राम मुकाट्याने चुकीचे उत्तर देत राही. दोन प्रोग्रामांनी वेगळी सीमा धरली, एकाने 30 आणि दुसऱ्याने 50, तर 35 हे वर्ष एकाला 1935 वाटे, दुसऱ्याला 2035. व्यवहाराच्या तारखांना हे एक वेळ चालून गेले. जन्मतारखांना चालण्यासारखे नव्हतेच. 1935 साली जन्मलेला खातेदार 1999 मध्ये सहज जिवंत असू शकत होता.

2004 च्या सुमारास वेगळी दिशा आली: आवृत्त्यांच्या इतिहासातून कोणत्या फाइल एकत्र बदलतात ते पाहायचे. सॉर्ट कार्ड आणि कॉपीबुक यांच्यासारखी, कंपायलरला न दिसणारी नाती त्यातून सापडू शकतात. पण विंडोइंगच्या वेळी ज्या प्रोग्रामांना कोणी हातच लावला नाही, त्यांचे तारखेशी असलेले नाते या इतिहासातही उमटलेले नाही.