चाळणीत राहतो तो कोंडा

गव्हाच्या कोंड्यात जे आम्ल भरपूर असतं, त्याला नाव मिळालंय हिंगावरून. फेरुलिक आम्ल. हिंगाच्या झाडाची शास्त्रीय प्रजाती फेरुला, आणि १८६६ साली हिंगाच्या डिंकातूनच ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. फोडणीत हिंग पडतो चिमूटभर, गहू मात्र आपण रोज खातो. त्यामुळे पुणेकराच्या पोटात हे आम्ल जातं ते आमटीतून नव्हे, पोळीतून. निदान जायला हवं.

ऊन, कीड आणि बुरशीपासून दाण्याचं रक्षण करायला वनस्पती अशी फिनॉलिक संयुगं तयार करते आणि साहजिकच ती कवचाजवळ साठवते. गव्हाच्या वजनात पांढरा गाभा साधारण ८३ टक्के, कोंडा १४ टक्के, उरलेला अंकुर. न चाळलेल्या कणकेत ग्रॅममागे ढोबळमानाने अर्धा मिलिग्रॅम फेरुलिक आम्ल धरलं, तर पाच-सहा पोळ्यांच्या दीडशे ग्रॅम कणकेतून पाऊणशे मिलिग्रॅम मिळतं. मैद्यात याचा अगदी थोडा अंश उरतो. आकडा लहान वाटेल, पण तो रोजचा आहे, दोन्ही वेळचा आहे. अशा संयुगांसाठी महागडी परदेशी फळं महिन्यातून एकदा आणून हा हिशेब जुळत नाही.

आमच्या सदाशिव पेठेतल्या गिरणीतून डबा घरी आला की पीठ अजून कोमट असतं. ते चाळायला घेतलं की जाळीवर लालसर, कागदासारखे पातळ पापुद्रे नाचत राहतात. चार किलो गव्हामागे दोन-तीन मुठी तरी. कित्येक घरांत ते कुंड्यांत जातात किंवा थेट कचऱ्यात, आणि मला ते बघवत नाही. पोळी मऊ हवी हे मान्य, पण मग दळण बारीक करून आणावं. बारीक दळल्याने कोंडा जात नाही, त्याचे कण लहान होतात आणि त्यातलं फेरुलिक आम्ल शरीराला थोडं जास्तच मिळतं. नुकसान करते ती चाळण.

यातली बहुतेक संयुगं दाण्यात सुटी नसतात, पेशींच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असतात. बरीच वर्षं प्रयोगशाळांत फक्त सुटा भाग मोजला जायचा आणि धान्यं फळा-भाज्यांपुढे उगाच फिकी ठरायची. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बांधलेला भागही मोजला गेला. मक्यातली ८५ टक्के, गहू आणि ओट्समधली सुमारे ७५ टक्के, तर तांदळातली ६२ टक्के फिनॉलिक संयुगं बांधलेली निघाली. ती लहान आतड्यात सुटत नाहीत. मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जीवाणू विकरांनी ती गाठ सोडवतात. म्हणजे पोळीतलं सगळं पचवणारे आपण एकटे नव्हे.

भाकरीकडे वळू. वाटीत चमचाभर बाजरीचं पीठ घेऊन त्यात चिंचेचा कोळ घाला. करडा रंग फिका, दुधी पडतो. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा आणि पाणी घाला, पीठ पिवळसर हिरवट दिसू लागेल. हा रंग बदलणारी संयुगं म्हणजे बाजरीतली फ्लॅव्होन्स, तीही फिनॉलिक घराण्यातलीच. ती सरसकट गुणाचीच आहेत असं नाही. जिथे जेवण जवळजवळ बाजरीवरच असतं आणि आयोडीनही कमी पडतं, तिथे ती थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात. जुन्या पिठाच्या कुबट वासातही त्यांचा हात असतो. बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणावी ती म्हणूनही. आपली मालदांडी ज्वारी पांढरी, टॅनिन हे तुरट फिनॉलिक संयुग जवळजवळ नसलेली, म्हणून तर भाकरी गोड लागते. नाचणीचा तांबूस रंग मात्र तिच्या सालीतल्या पॉलिफेनॉल्सचा, म्हणजे याच फिनॉलिक संयुगांचा. तिची साल दाण्याला इतकी चिकटून असते की तांदळासारखी पॉलिश करणं अवघड, म्हणून मुळशी-वेल्ह्याकडची नाचणी दळली की सालीसकटच पिठात येते.

याच सालीतली टॅनिन आणि फायटेट (दाण्यातला फॉस्फरसचा साठा) अन्नातलं लोह बांधून ठेवतात, हेही सांगायला हवं. बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून वस्त्रगाळ करतात. मोड आल्याने फायटेट कमी होतं, गाळल्याने साल जाते. ज्या बाळाला लोहाची गरज जास्त आणि पोट एवढंसं, त्याच्यासाठी आपल्या आज्यांची ही रीत अगदी योग्य आहे. मोठ्यांनी मात्र तेच वस्त्रगाळ पीठ पौष्टिक म्हणून खाण्यात अर्थ नाही. त्यांनी सालीसकट पिठाची आंबील करावी. आंबवताना काही संयुगं सुटी होतात, फायटेटही घटतं. भाकरीवर लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्वही मिळतं.

अखंड धान्य खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, हे मोठ्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण ते श्रेय एकट्या फेरुलिक आम्लाला देऊन त्याची गोळी विकणं मला पटत नाही, कारण त्याच कोंड्यात तंतू, मॅग्नेशियम आणि ब जीवनसत्त्वंही असतात. गव्हाच्या आणि राय या गव्हासारख्याच धान्याच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल नावाची संयुगं असतात, मैद्यात ती जवळपास नसतात. त्यांचा माग रक्तात लागतो. त्यामुळे संशोधकांना ‘तुम्ही कोंड्यासकट गहू खाता का’ हे नुसतं विचारून थांबावं लागत नाही, रक्ताचा नमुना घेऊन ताडून बघता येतं.

आमच्याकडे पिठाची बारीक चाळण आता मैद्याच्याच कामाला येते. कणीक रव्याच्या चाळणीतून काढते. काडी-कचरा तेवढा वर राहतो, पापुद्रे खाली परातीत पडतात.