लशीसाठी प्रतिजनाची निवड

नवी लस घडवताना रोगजंतूचा नेमका कोणता रेणू प्रतिकारयंत्रणेपुढे ठेवायचा, हे ठरवण्याची प्रक्रिया. अशा रेणूला प्रतिजन म्हणतात. तो जंतूच्या पृष्ठभागावर असावा, म्हणजे प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी शरीराची संरक्षक प्रथिने) त्याला गाठू शकतात; संसर्गासाठी तो अत्यावश्यक असावा; निरनिराळ्या वाणांत फारसा बदलू नये आणि मानवी रेणूंशी त्याचे साम्य नसावे. या सगळ्या अटी एकाच रेणूत क्वचितच जुळतात.

मेंदूज्वराचा जंतू मेनिंगोकॉकस याच्या ‘ब’ गटात घोडे अडले ते शेवटच्या अटीवर. त्याच्या आवरणातील शर्करा मानवी चेतापेशींवरील शर्करेसारखीच असते, त्यामुळे इतर गटांना लागू पडलेली आवरणाची लस इथे चालेना. रिनो रापुओली आणि सहकाऱ्यांनी मग जंतूऐवजी त्याच्या जनुकसंचापासून सुरुवात केली. सुमारे ३५० प्रथिने तयार करून उंदरांना टोचली, तेव्हा त्यांतील अवघ्या २८ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे जंतूला मारणारी निघाली. या शोधातून उभी राहिलेली लस २०१३ मध्ये युरोपात मंजूर झाली.

योग्य प्रथिन सापडले तरी काम संपत नाही, हे आरएसव्ही या विषाणूने सर्वांत कठोरपणे शिकवले. तान्ह्या बाळांच्या श्वासनलिका आणि फुप्फुसांना ग्रासणाऱ्या या विषाणूवर १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस देऊन पाहिली गेली. लस घेतलेल्या मुलांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली. त्यानंतर कित्येक वर्षे या क्षेत्रात लस आणायला कोणी धजावत नव्हते. विषाणू ज्याच्या साहाय्याने पेशीत शिरतो, त्या ‘एफ’ प्रथिनाला दोन रूपे असतात. पेशीत शिरण्याआधीचे रूप आखूड आणि अस्थिर. शिरताना ते उलगडून लांबट, स्थिर रूप घेते. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे पहिल्या रूपाच्या टोकावर बसतात, आणि उलगडताच ती जागा नाहीशी होते. जुन्या लशीत ‘एफ’ बव्हंशी उलगडलेले होते, हे तिच्या अपयशामागचे एक कारण.

२०१३ मध्ये जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहॅम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी डी२५ या प्रतिपिंडाने धरून ठेवलेल्या पहिल्या रूपाची रचना उलगडून दाखवली. त्याच वर्षी त्यांनी प्रथिनात एक जादा गंधकबंध (दोन भागांना जखडणारा गंधक अणूंचा दुवा) घातला, आतील पोकळी मोठ्या अमिनो आम्लांनी भरली आणि ते रूप पक्के केले. २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी आणि गर्भवतींसाठी मंजूर झालेल्या आरएसव्ही लशी याच विचारावर उभ्या आहेत. करोनाच्या स्पाइक प्रथिनात शेजारशेजारची दोन अमिनो आम्ले बदलून प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवण्याची, म्हणजे पहिले रूप पक्के करण्याची युक्तीही याच धाटणीची. करोनाच्याच कुळातील मर्स विषाणूवर ती आधीच पारखलेली असल्यामुळे २०२० मध्ये मोलाचा वेळ वाचला.

मलेरियात प्रश्न वेळेचा असतो. डासाच्या दंशातून आलेला परजीवी तासाभरातच यकृतात पोचू शकतो आणि तिथे त्याची पृष्ठप्रथिने बदलतात. म्हणून आरटीएस,एस आणि आर२१ या दोन्ही लशींनी यकृतापूर्वीच्या अवस्थेत परजीवीच्या पृष्ठभागावर असणारे सीएसपी हे प्रथिन निवडले. त्या थोड्या अवधीत रक्तात प्रतिपिंडे भरपूर असावी लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर२१ लशीच्या कणांवर सीएसपीचे प्रमाण आरटीएस,एसपेक्षा जास्त ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये केली.